बारा उत्तरपत्रिकांचा लखोटा

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊला कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्राच्या व्यवस्थापकाने कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं आणि तो तिथेच थिजला. आदल्या संध्याकाळी वरच्या कप्प्यात ठेवलेला, लाखेचं सील मारलेला लखोटा जागेवर नव्हता. कुलूप शाबूत होतं. कपाटाच्या काळ्या मुठीवर मात्र बोटांचे पांढरे ठसे होते. चार बोटं आणि अंगठा, अगदी ठसठशीत.

लखोट्यात बारा उत्तरपत्रिका होत्या. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण त्या बारा कागदांवर केंद्राचं भवितव्य अडलं होतं. ज्या मंडळाच्या अनुदानावर केंद्र चाले, त्या मंडळाने नियम बदलले होते. आजवर पाय बनवणाराच तो बसवून बघे आणि 'ठीक बसला' अशी सहीही तोच करी. आता ते बंद. कामं वेगळी, सह्या वेगळ्या, आणि सही करणाऱ्या प्रत्येकाने नव्या नियमांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असली पाहिजे. म्हणून चार दिवस वर्कशॉप बंद ठेवून बारा कर्मचाऱ्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. शिकवायला बाहेरून प्रशिक्षक आला होता. सोमवारी परीक्षा झाली. एका काल्पनिक रुग्णाचा अर्ज नव्या पद्धतीने पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायचा होता. उत्तरपत्रिका शुक्रवारपर्यंत मंडळाकडे पोचल्या नाहीत तर अनुदान थांबणार होतं, आणि एक्केचाळीस माणसं यादीत नाव लावून पायाची वाट बघत होती.

व्यवस्थापकाने मुठीवरचे ठसे दोन-तीनदा निरखले. मग त्याने शिपायाला बोलावलं नाही की पोलिसांना फोन केला नाही. टेबलाशी बसून त्याने एक पत्र टाइप करायला घेतलं. दहा वाजता ते तयार होतं. वर्कशॉपच्या मिस्त्रीच्या निलंबनाचं पत्र.

२

विश्वस्तांनी ते पत्र अडवलं. चौकशी झाल्याशिवाय कुणाला घरी पाठवायचं नाही, असं म्हणून त्यांनी अकराच्या सुमाराला एका बाईंना पाठवून दिलं. बाई बासष्ट वर्षांच्या. कोर्टात तेहेतीस वर्षं स्टेनोग्राफर होत्या. साक्षीदार बोलायचे आणि बाई लघुलिपीत उतरवून घ्यायच्या. निवृत्तीनंतर संस्थांमधल्या अशा भानगडी निस्तरायला त्यांना बोलावणं येई. केंद्रातल्या लोकांनी पहिल्या दहा मिनिटांतच त्यांचं नाव स्टेनोबाई ठेवलं. त्यांना बसायला डुगडुगणारी खुर्ची दिली आणि चहाचं कुणी नाव काढलं नाही.

स्टेनोबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी आधी कपाटाची मूठ पाहिली. वाकून हलकीशी फुंकर मारली. एका बोटाचा ठसा भुरकन उडून गेला. व्यवस्थापक ओरडला की बाई, तुम्ही पुरावा नष्ट करताय. बाईंनी वही उघडली.

व्यवस्थापकाच्या मते चौकशीची गरजच नव्हती. मिस्त्रीने चारही दिवस हॉलमध्ये उच्छाद मांडला होता. कागद भरून लंगडा चालायला लागतो का, असं त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकाशी त्याची जुंपली. त्याला नवे नियम नकोत, परीक्षा नको, म्हणून त्याने लखोटा पळवला. ठसे प्लॅस्टरचे आहेत, आणि प्लॅस्टर वर्कशॉपमध्येच असतं. आणखी काय हवं?

किल्ली कुठे असते, असं बाईंनी विचारलं. टेबलाच्या खणात, तो म्हणाला. खणाला कुलूप नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांसमोर सील करून लखोटा ठेवला, मग तो स्वतः विश्वस्तांच्या बैठकीला निघून गेला. साडेपाचपर्यंत इमारतीत कोण ना कोण होतं.

बाईंनी शिपाई, वर्कशॉपमधले कारागीर, नोंदणीवरची मुलगी, सगळ्यांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाच्या बोलण्यात मिस्त्रीबद्दलचा जुना राग होता. कुणाला त्याने चारचौघांत मूर्ख म्हटलं होतं, कुणाचं काम फेकून दिलं होतं. पण तिसऱ्या दिवशीचं भांडण कशावरून झालं, या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. मिस्त्रीने उभं राहून विचारलं होतं की या पुस्तिकेवर तारीख का नाही. प्रशिक्षक म्हणाला होता की तारखा कॅलेंडरवर असतात, बसा खाली. सगळे हसले होते. बस, एवढंच.

शेवटी मिस्त्री आला. हाताला काळा-तपकिरी रंग, नखांत सरस. तो बसला नाही.

"चोराला विचारतात तसं विचारणार असाल तर मी उत्तर देणार नाही," तो म्हणाला. आणि खरंच त्याने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. पाच मिनिटं बाईंच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला.

दारातून व्यवस्थापक म्हणाला, "बघितलंत? आता त्याच्या भावजयीला विचारा. ती सांगेल तुम्हाला हा माणूस काय आहे ते."

३

भावजय म्हणजे मापताई. तुटलेल्या पायाचं माप घेणं आणि त्याचा प्लॅस्टरचा साचा काढणं हे तिचं काम. ती मिस्त्रीच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ सहा वर्षांपूर्वी वारला होता.

बाई तिच्या खोलीत गेल्या. पाण्याची बादली, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, पिंपात भरलेलं प्लॅस्टर. भिंतीत हातभर रुंद खिडकी होती. तिच्यातून तयार साचे पलीकडे मिस्त्रीकडे जात. ही खिडकी व्यवस्थापकाने खास पाडून घेतली होती, कारण दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. साच्यावर कागद चिकटवलेला असे. बोलायचं ते त्याच्यावर लिहून.

मापताईने आढेवेढे घेतले नाहीत. नवऱ्याचा पाय अपघातात गेला. थोरल्या भावाने स्वतः माप घेतलं, स्वतः पाय बनवला, स्वतः बसवला आणि स्वतःच सही केली, ठीक बसला म्हणून. नवरा वर्षभर तो पाय घालून फिरला. आत जखम चिघळत होती. तो कुणाला बोलला नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"तो का बोलला नाही?" बाईंनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही म्हणून," मापताई म्हणाली. "मीसुद्धा नाही. नंतर मी हे माप शिकले. दुसऱ्या कुणाचं चुकू नये एवढ्यासाठी."

लखोटा मिस्त्रीने घेतला असेल का, या प्रश्नावर ती ताडकन म्हणाली की घेतला असेल, तो काहीही करेल. बाईंनी तेही उतरवून घेतलं. मग त्यांनी मुठीवरच्या पांढऱ्या ठशांबद्दल सांगितलं आणि फुंकर मारल्यावर काय झालं तेही सांगितलं.

मापताईच्या कपाळाला आठी पडली. बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं हे दिसत होतं.

"फुंकरीने उडालं?"

"उडालं."

"मग ते कामाचं प्लॅस्टर नव्हे," ती म्हणाली. "आम्ही ते ओलं वापरतो. हातावर घट्ट बसतं, खरवडावं लागतं. कोरडी पूड कुणी हाताला फासून फिरत नाही. आणि मिस्त्रीकडे प्लॅस्टर असतंच कुठे? मी साचा सुकवून, वर लाखेचा हात देऊन पाठवते. त्याचे हात चामड्याच्या रंगाने काळे असतात. सहा वर्षांत त्याने या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. हे इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे."

"व्यवस्थापकांना?"

"त्यांनीच तर खिडकी पाडली."

बाईंनी वही मिटली. म्हणजे कुणीतरी मुद्दाम पूड बोटांना लावून मूठ धरली होती. मिस्त्रीवर आळ यावा म्हणून. आणि ज्याने हे केलं त्याला या इमारतीतली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नव्हती.

४

प्रशिक्षक दुपारी दोन वाजता आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. हॉलमध्ये पडलेला आपल्या पुस्तिकांचा गठ्ठा न्यायला तो गाडी घेऊन आला होता. चोरीची बातमी ऐकून त्याने हळहळ व्यक्त केली आणि लगेच तोडगाही काढला. गुरुवारी तो पुन्हा परीक्षा घेईल, सुधारित पुस्तिका स्वतः घेऊन येईल, जादा काही आकारणार नाही. व्यवस्थापकाने त्याचे हात हातात घेतले.

त्याला बघून बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चार दिवस त्याने त्यांचा पाणउतारा केला होता. तुमच्यासारख्यांमुळेच मंडळाला नियम कडक करावे लागतात, हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

बाईंनी त्याला समोर बसवलं. तो सराईतपणे बोलत होता. उत्तरपत्रिका त्याने वाचल्या नव्हत्या. तसा नियमच होता. घड्या घातलेल्या पत्रिका नोंदणीवरच्या मुलीने गोळा केल्या, सगळ्यांसमोर लखोट्यात घातल्या, तिथेच सील झालं. तपासणार मंडळ. नंतर व्यवस्थापक बैठकीला गेला आणि तो स्वतः पुस्तिका गोळा करून, सुतळीने बांधून, साडेपाचला एक छोटी बॅग घेऊन निघाला.

पुस्तिका परत का घेतल्या, असं बाईंनी विचारलं. शिकवलेलं पुढे लोकांना लागणार नाही का? त्या त्याच्या मालकीच्या आहेत, तो म्हणाला.

"आणि मिस्त्रीबद्दल काय वाटतं?"

प्रशिक्षक हसला. "बाई, असली माणसं मी ठिकठिकाणी बघितलीत. काही शिकायचंच नसतं त्यांना. आपलंच खरं. या माणसाला चार सह्यांचं वेड लागलंय. पुस्तिकेत तीन सह्या स्पष्ट दिल्यात, माप घेणारा, बनवणारा, बसवणारा. पण नाही. याला चौथी हवी. अशा माणसाला परीक्षेला पुन्हा बसवू नका, एवढंच माझं सांगणं."

बाईंची पेन्सिल थांबली नाही. त्यांनी त्याचे आभार मानले, थोडा वेळ थांबायची विनंती केली आणि उठून तडक वर्कशॉपमध्ये गेल्या.

मिस्त्री गुडघ्याची बिजागरी कानशीने घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी चोरीबद्दल विचारत नाही," बाई म्हणाल्या. "एकच सांगा. चार सह्यांबद्दल तुम्ही कुणाकुणाशी बोललात?"

कानस थांबली. मिस्त्रीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं.

"कुणाशीच नाही," तो म्हणाला. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

५

मिस्त्रीने हात पुसले आणि खणातून एक पाकीट काढलं. पुस्तिकेवर तारीख नाही हे बघून पहिल्याच संध्याकाळी त्याने मंडळाला फोन केला होता, नियमावली मागवली होती. रविवारी ती कुरिअरने घरी आली. प्रशिक्षकाची पुस्तिका म्हणजे मंडळाचा आठ महिन्यांपूर्वीचा मसुदा होता. अंतिम नियम वेगळे होते. मसुद्यात सह्या तीन होत्या, अंतिम नियमांत चार. चौथी सही रुग्णाची. पाय बसवल्यावर तीस दिवसांनी त्याला बोलावून, तो पाय बनवणाऱ्याला खोलीबाहेर ठेवून, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची.

"मी सोमवारी पेपरात तसं लिहिलं," मिस्त्री म्हणाला. "नियमाची तारीख आणि क्रमांकही टाकला."

"बाकीच्या अकरा जणांनी?"

"तीन सह्या लिहिल्या असतील. शिकवलं तसं."

"म्हणजे ते सगळे नापास झाले असते. आणि तुम्हाला हे रविवारीच कळलं होतं."

मिस्त्रीने बिजागरी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मला कुणी विचारलं, असं काहीतरी तो पुटपुटला. मी तारीख विचारली तेव्हा हसले सगळे, म्हणाला.

"कुणी विचारलं नाही म्हणून तुम्ही बोलला नाहीत," बाई म्हणाल्या. हे वाक्य याच दिवशी त्यांच्या वहीत दुसऱ्या कुणाबद्दल आधीच उतरलेलं होतं. मिस्त्रीला ते ठाऊक नव्हतं, पण त्याचा चेहरा उतरला.

बाई गेटवर गेल्या. रखवालदाराने सांगितलं की इथे जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात, कारण मागे पितळी सुटे भाग चोरीला गेले होते. सोमवारी त्याने एकही पिशवी सोडली नव्हती. प्रशिक्षकाची छोटी बॅगसुद्धा. तिच्यात डबा आणि चष्म्याचं घर होतं. बांधलेले गठ्ठे मात्र साहेबांची चिठ्ठी असली की न उघडता जातात.

"आज काही चिठ्ठी आलीय?"

रखवालदाराने खिशातून कागद काढला. पुस्तिकांचा एक गठ्ठा. व्यवस्थापकाची सही, वेळ दुपारी अडीच. त्याच वेळी आतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

६

गाडी गेटशीच अडवली गेली. सगळे हॉलमध्ये जमले. गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रशिक्षकाचा आवाज चढला होता. वकिलाची भाषा करत होता. व्यवस्थापक त्याच्या बाजूने बोलत होता.

स्टेनोबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, "दोन वाजून वीस मिनिटांनी तुम्ही म्हणालात, या माणसाला चार सह्यांचं वेड लागलंय. मिस्त्री हॉलमध्ये काय बोलला ते मी अकरा जणांना विचारलं. तो तारखेबद्दल बोलला. चार सह्यांबद्दल त्याने तोंडातून अक्षर काढलेलं नाही. ते त्याने एकाच ठिकाणी मांडलंय, उत्तरपत्रिकेत. आणि ती तुम्ही वाचली नव्हती."

प्रशिक्षकाने गठ्ठ्यावर हात ठेवला.

बाकीचं बाईंनी थोडक्यात सांगितलं. मिस्त्रीचा तारखेचा प्रश्न प्रशिक्षकाला खुपत होता. व्यवस्थापक गेल्यावर त्याने खणातली किल्ली घेतली आणि मिस्त्रीने काय लिहिलंय ते बघायला लखोटा फोडला. आपण जुना मसुदा शिकवला हे तिथे तारखेसकट वाचलं. पत्रिका मंडळाकडे गेल्या असत्या तर अकरा नापास झाले असते आणि याचं नाव प्रशिक्षकांच्या यादीतून गेलं असतं. म्हणून पत्रिका गायब, पुस्तिका परत, गुरुवारी नवी परीक्षा. आणि ज्याला सगळं ठाऊक होतं तो एकटा माणूस परीक्षेत नको, म्हणून प्लॅस्टर.

"फक्त इथे प्लॅस्टरला कोण हात लावतं, हे तुम्ही चार दिवसांत कुणाला विचारलं नाहीत."

मापताईनेच पुढे होऊन सुतळी कापली. पुस्तिका बारा होत्या. सातव्या आणि आठव्या पुस्तिकेच्या मध्ये फोडलेला लखोटा सपाट करून ठेवला होता. काल व्यवस्थापक नसल्याने गेटसाठी चिठ्ठी मिळाली नव्हती, म्हणून गठ्ठा रात्रभर हॉलमध्येच पडून होता. प्रशिक्षक खुर्चीवर बसला.

बाईंनी पत्रिका मोजल्या. पुरावा म्हणून मिस्त्रीचा अर्ज वाचायला हवा, त्या म्हणाल्या, आणि शेवटचा, त्याने स्वतः आखलेला रकाना तेवढा मोठ्याने वाचला. काल्पनिक रुग्णाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत.

"'पाय आतून टोचतो. महिनाभर टोचतोय. बोललो नाही, कारण ज्याने बनवला तो माझा भाऊ आहे. त्याला वाईट वाटेल.'"

मिस्त्री भिंतीकडे बघत होता. मापताईच्या हातात कात्री तशीच राहिली. मग तिने ती टेबलावर ठेवली आणि ती खोलीबाहेर निघून गेली.

७

प्रशिक्षकाविरुद्धची तक्रार मंडळाकडे गेली. निलंबनाचं पत्र व्यवस्थापकाने बाईंसमोर फाडलं, पण माफीचा शब्द काढला नाही. वेळही नव्हता. अकरा पत्रिका चुकीच्या होत्या, शुक्रवार तीन दिवसांवर होता, आणि अंतिम नियमावलीची प्रत एकच होती. ती ज्याच्याकडे होती त्यानेच शिकवायचं, असं स्टेनोबाईंनी ठरवलं. फेरपरीक्षेवर देखरेख त्या स्वतः करणार होत्या. मंडळाने फोनवर त्याला मान्यता दिली.

बुधवारी सकाळी मिस्त्री फळ्यासमोर उभा राहिला. त्याला शिकवता येत नव्हतं. खडू मोडत होता, मधेच कुणावर तरी खेकसत होता. अकरा जण हाताची घडी घालून बसले होते. आम्ही नापास होणार हे याला माहीत होतं आणि हा गप्प राहिला, ही गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. पहिल्या तीन सह्यांचे नियम त्याने कसेबसे उरकले.

चौथ्या सहीशी आल्यावर तो अडखळला. रुग्णाला एकट्याला बसवायचं, त्याला विचारायचं, तो सांगेल ते लिहायचं, असं म्हणाला. फळ्याकडे वळला.

"एक प्रश्न आहे," मागून मापताई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सहा वर्षांत ती त्याच्याशी थेट बोलली नव्हती. तिचा आवाज काही मऊ नव्हता.

"रुग्ण खरं बोललाच नाही तर?"

मिस्त्रीने खडू बोटांत फिरवला. "तर पुन्हा विचारायचं," तो म्हणाला.

"आणि पुन्हाही ठीक आहे म्हणाला तर?"

"तर त्याच्या म्हणण्यावर जायचं नाही. पाय काढायला लावायचा आणि आतली कातडी आपल्या डोळ्यांनी बघायची." तो थांबला. "हे नियमावलीत लिहिलेलं नाही. हे मी सांगतोय. मी बघितली नव्हती."

मापताईने मान खाली घातली आणि ते वाक्य वहीत लिहिलं. तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मग तिने मान वर केली. "पुढचं सांगा," ती म्हणाली.